सहा माणसांचा पूल

तोलिबजान ताश्कंदहून पाच दिवसांचं शिक्षण घेऊन कोकंदला परतला, तेव्हा त्याच्याजवळ एक चकचकीत प्रमाणपत्र होतं, रंगीत चिकटचिठ्ठ्यांचे चार गठ्ठे होते, आणि कुठलंही काम नीट आखलं की ते वेळेत पार पडतं असा पक्का विश्वास होता. प्रमाणपत्र आणि चिठ्ठ्यांनी कुणाचं काही वाकडं होत नाही. भानगड झाली ती विश्वासामुळे.

शिक्षणाचा विषय होता 'प्रकल्प कसा चालवावा आणि संस्थेत बदल कसा घडवावा'. तोलिबजान पिठाच्या गिरणीत नियोजन खात्यात होता. म्हणजे महिन्याभरात काय व्हायला हवं होतं ते महिनाअखेरीला लिहून काढायचं, हे त्याचं काम. साहजिकच आल्या दिवशी तो वही काखोटीला मारून थेट संचालकांकडे गेला. संचालकांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं, मागच्या कोऱ्या बाजूचंही कौतुक केलं आणि म्हणाले, "झकास. चौकट करून घे. फक्त गिरणीला हात लावू नकोस हं, बाबा. कशीबशी चालतेय ती."

गिरणी वाचली. पण माणसाच्या अंगात विद्या संचारली की ती कुठेतरी उतरावीच लागते. ती गल्लीवर उतरली.

गल्लीत, तोलिबजानच्या दारासमोरून, एक पाट वाहतो. चांगला पाच-सहा पावलं रुंद. अलीकडे त्याचं घर, पलीकडे डांबरी रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला बरोब्बर समोर सनोबरखालाचं घर. मधे पॉपलरच्या लाकडाची एक फळी. या फळीवरून तोलिबजानची आई, रिसालत, एकावन्न वर्षं रोज दुपारी मैत्रिणीकडे, सनोबरखालाकडे जात होती. खाला इकडे यायची नाही, कारण ती अंगानं भरलेली. ती मधोमध आली की फळी पाण्याला टेकायची. म्हणून बारा वर्षांपूर्वीच तिनं तो नाद सोडला होता. मग या वसंतात आईचा पाय फळीवरून सटकला, ती पाण्यात पडली, गुडघा दुखावला. गुडघा बरा झाला, पण फळीची भीती काही गेली नाही.

तेव्हापासून दोघी आपापल्या काठावर स्टूल टाकून बसायच्या आणि ओरडून बोलायच्या. पाटाला पाणी जोरात असलं की फारच ओरडावं लागे. कुणाच्या सुनेनं पिठात मीठ दोनदा घातलं, कुणाच्या जावयाचे दात नवे आहेत, हे सगळ्या गल्लीला घरबसल्या कळू लागलं आणि गल्लीची चांगली करमणूक झाली. दोघींची मात्र काही होईना. मनातलं काही बोलायचं म्हटलं तर ते ओरडून कसं बोलणार? हळूहळू आईनं स्टूल आत घेतलं. जेवणात लक्ष नाही, कशात राम नाही. एकदा तोलिबजाननं शेजाऱ्याची गाडी मागून, बाजारच्या पुलावरून वळसा घालून तिला खालाच्या दारात सोडलं, तर उतरताना म्हणाली, "समोरच्या घरी गाडीनं यायचं म्हणजे मेलं दवाखान्यात आल्यासारखं वाटतं." पुन्हा गेली नाही.

आणि एका सोमवारी तिनं ताश्कंदला फोन लावला, थोरल्या मुलाला. शोकिरअकांचं (अका म्हणजे दादा) घर सहाव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, पाट नाही. "येते तुझ्याकडे," आई म्हणाली. "इथे बोलायला तरी कोण आहे?"

"रविवारी दुपारी एकला गाडी घेऊन येतो," शोकिरअका म्हणाले.

तोलिबजान शेजारीच बसला होता. 'बोलायला कोण आहे' हे त्यानं ऐकलं आणि हातातला पावाचा तुकडा हातातच राहिला. आमच्याकडे आईबाप धाकट्याच्या घरी राहतात. थोरले वेगळे होतात, धाकटा घर राखतो, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं. धाकट्याच्या घरून आई उठून थोरल्याकडे गेली, तर तोंडावर कुणी काही म्हणत नाही. लोक फक्त त्याच्या बायकोच्या हातचं सूप कसं असतं याची आपुलकीनं चौकशी करू लागतात. पण खरं सांगायचं तर तोलिबजानला लोकांचं तेवढं वाटलं नाही. सकाळी आईच्या खोकल्यानं जाग येते, ती तशी येणार नाही, याचंच वाटलं.

"आई, रविवारच्या आत पूल बांधला तर? चांगला, कठड्याचा?"

"कोण बांधणार?"

"मी."

"तू?" आई म्हणाली. त्या 'तू'मध्ये तोलिबजाननं आजवर घरात ठोकलेलं सगळं होतं: जिथे एकही कोंबडी राहायला तयार झाली नाही ते खुराडं, आणि फक्त वारा आला की उघडणारी खिडकी. "पूल झाला तर मग मी कशाला मरायला जाऊ ताश्कंदला? पण शोकिर यायच्या आधी हं. आल्यावर त्याला परत पाठवणं मला जमायचं नाही."

झालं! प्रकल्प जन्माला आला.

मंगळवारी सकाळी पाहुण्यांच्या खोलीतल्या भिंतीवर वॉलपेपरची अख्खी गुंडाळी उलटी लागली. पिवळ्या चिठ्ठ्या कामांच्या, हिरव्या माणसांच्या, गुलाबी धोक्यांच्या. धोके सतरा निघाले. पाऊस, सिमेंटला उशीर, शोकिरअका लवकर येणे, आईला सर्दी होणे, सनोबरखालाचं वजन.

"हे खालानं वाचलं तर अठरावा धोका मी," त्याची बायको ओयदिन म्हणाली. "आणि पाहुणे आले तर त्यांना बसवू कुठे?"

"रविवारपर्यंत पाहुणे नाहीत. तसा टप्पाच ठेवलेला नाही."

ताश्कंदच्या बाईंनी शिकवलेला पहिला नियम असा, की काम लहान तर माणसं मोजकी. तोलिबजाननं हिशेब केला: पाच-सहा पावलांचा पूल, मधे विटांचा एक खांब, सहा माणसं पुरे. गवंडी उस्ता मिरहासिल, आणखी पाच धडधाकट हात. रविवारी आठला सुरुवात, साडेअकराला कठडा, पावणेबाराला आई पलीकडे. गिरणीच्या छपाईयंत्रावर त्यानं सहा सुबक चिठ्ठ्या छापल्या: 'आपण रविवारी ९ ते १०.३० या वेळेत विटा देण्यासाठी यावे.' त्या सहा घरांत स्वतः जाऊन दिल्या आणि संध्याकाळी सहा हिरव्या चिठ्ठ्यांवर बरोबरच्या खुणा केल्या. सरकारी काम कोणतं उरलं म्हणाल, तर परवानगी.

इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. भूमापन कार्यालयातल्या नाफिसा नावाच्या मुलीनं संगणकावर नकाशा उघडला, मोठा केला, लहान केला आणि म्हणाली, "अका, तिथे पाट नाही."

"अहो, आहे!"

"नकाशात नाही."

"माझी आई पडलीये त्यात."

"त्या नकाशाबाहेर पडल्या असतील," नाफिसा म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. "नसलेल्या पाटावर पुलाची परवानगी कशी देऊ? आधी पाट नोंदवून घ्या. अर्ज, मोजणी, आणि पाणीखात्याचं पत्र."

"पाणीखातं पत्र देतं का?"

"देतं की. पाट नोंदलेला असला तर."

तोलिबजाननं डोळे मिटून पाच आकडे मोजले. हेही ताश्कंदला शिकवलं होतं. डोळे उघडले तेव्हा नाफिसा इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "अका, एक सांगू? पाटच नाही म्हटल्यावर तुमच्या दारासमोर सपाट जमीन आहे. सपाट जमिनीवर फळ्या पसरायला परवानगी लागतच नाही. हवं तर तसं लिहून देते."

तिनं दिलं. शिक्का मारून दिलं: 'अर्जदारास घरासमोरील सपाट जमिनीवर फळ्या पसरण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' तो कागद वाचत वाचत फळीवरून घरी येताना तोलिबजानचा एक पाय त्या सपाट जमिनीत गुडघ्यापर्यंत गेला.

बुधवारी दुपारी ओयदिननं शेजारी हमराकुल मास्तरांकडे भोपळ्याच्या सामशांची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या समोशांची, बशी पाठवली. बशी तासाभरात परत आली. रिकामी, धुतलेली आणि पुसलेली.

"अहो," ओयदिन दारात उभी राहून म्हणाली, आणि तिचा चेहरा पार उतरला होता. "बशी रिकामी आली."

तुम्हीआम्ही जाणतोच. बशी रिकामी परत करणं म्हणजे काय? मूठभर बेदाणे तरी घालतात, नाहीतर एखादं सफरचंद. या गल्लीत लढाईच्या दिवसांतही बशी रिकामी फिरली नव्हती, निदान जुनी माणसं तसं सांगतात. तोलिबजान बाहेर गेला तर मास्तरांनी त्याच्या फाटकाला सलाम केला, त्याला नाही. पाववाल्याकडे लोकांनी त्याला रांगेत पुढे जाऊ दिलं, परक्या पाहुण्याला देतात तसं. आणि संध्याकाळी आमंत्रण दिलेले सहाही जण एकेक करून चिठ्ठी परत द्यायला आले.

"मला बोलावलंस आणि माझ्या भिंतीला भिंत लागून राहतो त्याला नाही," उस्ता मिरहासिल म्हणाला. "मी कोणत्या तोंडानं येऊ? आणि हे 'नऊ ते साडेदहा' काय आहे? साडेदहाला मला हाकलणार आहेस?"

सहाचे शून्य झाले. तोलिबजान भिंतीसमोर उभा राहून सतरा धोके पुन्हा वाचू लागला. यातला एकही नव्हता. शेवटी आई काठी टेकत खोलीत आली, भिंतीवरच्या हिरव्या चिठ्ठ्या मोजून म्हणाली, "ही काय यादी?"

"हशारची."

हशार म्हणजे गल्लीनं मिळून एकाच्या घरचं काम करायचं. कुणाचं छप्पर, कुणाची भिंत. मजुरी नाही, फक्त पुलाव.

"हशारची यादी?" आई भिंतीला टेकून खाली बसली. "अरे देवा! हशारला माणसं लागतात म्हणून बोलावतात का कुणी? शेजारी आहेत म्हणून बोलावतात. ज्यांना नाही बोलावलंस, त्यांना तू काय सांगितलंस माहितेय? तुम्ही असलात काय, नसलात काय, माझं काही अडत नाही. आणि तेही छापून!"

तोलिबजानला आपल्या वहीची आठवण झाली. 'बदलाला विरोध झाल्यास प्रत्येकाशी स्वतंत्र बोला.' गल्लीत पंधरा घरं. उरलेले दिवस तीन, तेही गिरणी सुटल्यावरचे. निघाला बिचारा.

आता एखाद्याच्या घरी जाऊन 'माझं चुकलं, रविवारी या' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? आमच्याकडे सव्वा तास. आधी आत या, बूट काढा, वरच्या अंगाला, मानाच्या जागी बसा. मग पाव मोडायचा. मग सगळ्यांची तब्येत विचारायची, गायीसकट. चहा होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही, आणि चहा लवकर होत नाही. पहिल्या संध्याकाळी पाच घरं झाली आणि पाच घरची द्राक्षं, बेदाणे, खरबूज आणि मटणाचं सूप पोटात गेलं. दुसऱ्या दिवशी गिरणीत तो खुर्चीवरून उठताना मेजाला धरून उठला.

पण सगळ्यात अवघड घर मास्तरांचं. हमराकुल मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेलं. त्यांनी त्याच्यापुढे पेला ठेवला आणि काठोकाठ चहा ओतला. तोलिबजानचे कान तापले. पाहुण्याला चहा तळाशी घोटभर ओततात, त्यानं पुन्हापुन्हा मागावा म्हणून. काठोकाठ म्हणजे, पी आणि चालू लाग.

"मी काय कामाचा?" मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले. "तुला विटा उचलणारी माणसं हवीत. पूल कसा उभा राहतो एवढंच मी चाळीस वर्षं शिकवलं. तुलाही शिकवलं. किती मार्क होते तुला?"

"पाचांत तीन, मास्तर."

"दोन होते. तुझ्या आईकडे बघून मी तीन केले."

तोलिबजान भरला पेला एका दमात प्यायला, जीभ भाजून घेतली, आणि खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, तेव्हाही मला कळलं नाही, आताही कळलं नाही. तुम्ही आलात तर पूल होईल, नाहीतर नाही."

मास्तरांनी चहादाणी उचलली आणि रिकाम्या पेल्यात मोजून दोन घोट ओतले. तोलिबजानला रडूच आलं असतं, पण जीभ पोळल्यामुळे डोळ्यांत पाणी आधीच होतं, म्हणून निभावलं.

आमंत्रण मिळालं की सल्ला आलाच. एकजण म्हणाला लोखंडी बांध, एकजण म्हणाला लोखंड थंडीत पाय जाळतं, लाकडीच कर. तिसऱ्या घरी कमान हवी होती, सातव्या घरी द्राक्षांचा मांडव. एका आजोबांनी मोटार जाईल एवढा रुंद करायला सांगितला. त्यांच्याकडे मोटार नव्हती, पण त्यांचं म्हणणं पूल असता तर घेतली असती. तोलिबजान सगळं वहीत लिहून घेत होता, कारण 'प्रत्येक सूचनेची नोंद करा' असंही शिकवलं होतं. एकच गोष्ट त्यानं पंधरापैकी एकाही घरात सांगितली नाही: पूल रविवारी एकच्या आतच का हवा. आई चाललीये हे आपल्या तोंडानं कसं सांगायचं? तेवढी एक अब्रू त्यानं पोटात, सुपाच्या वर, जपून ठेवली होती.

रविवारी सकाळी आठला गल्लीत साठ माणसं उभी होती. लहान मुलं वेगळी. काही जण बाजारापलीकडच्या मोहल्ल्यातून आले होते, कारण त्यांच्या मेव्हण्याला बोलावलं आणि आपल्याला कसं नाही! पाटकरी एर्गाशनं वरची दारं टाकून पाणी बंद केलं आणि बजावलं, "दोनला सोडणार म्हणजे सोडणार. खाली कोबी सुकतोय लोकांचा." पाण्याऐवजी आता गुडघाभर चिखल होता. जुनी फळी चौघांनी हां-हां म्हणता उपटली, आणि तोलिबजान 'ती राहू द्या, बारावा धोका...' असं म्हणेपर्यंत बायकांनी ती फोडून पुलावाच्या कढईखाली सारली. आता पूल झाला नाही तर फळीसुद्धा नव्हती.

तोलिबजाननं साठ चिठ्ठ्या वाटल्या, प्रत्येकाचं काम लिहून. लोकांनी त्या आदरानं घेतल्या. थोड्या वेळानं त्याला त्या एकाच्या टोपीवर, दोन गाजरांच्या ढिगावर आणि एक गाढवाच्या कपाळावर चिकटलेली दिसली. गाढवाच्या चिठ्ठीवर 'देखरेख' लिहिलं होतं. तो घमेलं उचलायला गेला तर ते काढून घेण्यात आलं. फावडं धरलं, तर तेही.

"अहो, मी प्रकल्पप्रमुख आहे!"

"म्हणूनच," उस्ता मिरहासिल म्हणाला. "घरधन्यानं चहा द्यायचा. जा, चहादाण्या भर."

नियोजन खात्यातला, ताश्कंदचं प्रमाणपत्र असलेला माणूस, दोन्ही हातांत चहादाण्या घेऊन साठ लोकांच्या मधून वाट काढत होता. त्याला कोण वाईट वाटलं! पण काम मात्र झपाझप चाललं होतं, आणि तेही कुणी कुणाला काही न सांगता, हे बघून त्याला जास्तच वाईट वाटलं.

चिखलामुळे पलीकडचे पलीकडे राहिले होते, अलीकडचे अलीकडे. तेव्हा मधला विटांचा लांबरुंद खांब उभा झाल्यावर दोन टोळ्या पडल्या. अलीकडून उस्ता मिरहासिल, पलीकडून हमराकुल मास्तर. दोघं खांबाकडे निघाले. मास्तर दोरी आणि ओळंबा लावून, पाटाला काटकोनात. उस्ता डोळ्यांनी, सनोबरखालाच्या दाराकडे तोंड करून, कारण त्याच्या मते पूल दाराकडे जातो, काटकोनाकडे जात नाही. दोन्ही बाजूंनी तुळया पडल्या, फळ्या ठोकल्या, आणि बाराच्या सुमाराला दोन्ही अर्धे पूल खांबावर येऊन पोहोचले. एकमेकांपासून दोन हात लांब. एक खांबाच्या या कडेला टेकला होता, दुसरा त्या कडेला.

कढईतलं तेल तेवढं चरचरत होतं.

"तुझा वाकडा आहे," मास्तर म्हणाले.

"माझा दाराकडे आहे. तुमचाच कुठेतरी उझबेकिस्तानच्या बाहेर चाललाय."

"ओळंबा खोटं बोलत नाही, मिरहासिल! अर्धा तोड."

"मास्तर, वयाचा मान ठेवतो म्हणून बरं. तुम्ही तोडा."

मग अलीकडचे सगळे उस्ताच्या बाजूनं आणि पलीकडचे सगळे मास्तरांच्या बाजूनं बोलू लागले. एकजण म्हणाला, आधीच लोखंडी करा म्हणत होतो. बारा वाजून दहा झाले. तोलिबजाननं घाईघाईनं वही उघडली. 'दोन गटांत मतभेद झाल्यास बैठक बोलवा.' त्यानं वही मिटली, चहादाण्या जमिनीवर ठेवल्या, आणि त्याच्या तोंडून एकदम निघून गेलं, "अहो, भांडताय काय! आई चाललीये माझी!"

सगळे वळले.

"एक वाजता शोकिरअका न्यायला येताहेत. कायमची चाललीये ताश्कंदला. फळीवर पाय टाकवत नाही, खालाला भेटता येत नाही, म्हणून. पूल झाला तर राहीन म्हणालीये. मला नाही राहवणार हो तिच्याशिवाय." आणि साठ माणसांसमोर तो बाहीनं नाक पुसू लागला. जपून ठेवलेली अब्रू अशी भर दुपारी गेली.

उस्ता मिरहासिल अर्ध्या पुलावरून खाली उतरला आणि त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "गाढवा," तो म्हणाला, "तीन दिवस घरोघर फिरलास, माझ्याकडे दोन ताटल्या सूप प्यायलास, आणि हे सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"नुसता पूलच तर आहे म्हणून आम्ही आरामात आलो," पलीकडून मास्तर ओरडले. "रिसालतआपा चाललीये म्हटल्यावर पहाटे आलो असतो! मिरहासिल, काही तोडू नकोस. मधलं भरून काढ. खांब रुंद आहे, पेलेल."

"तेच म्हणणार होतो," उस्ता म्हणाला. तो तसं म्हणणार नव्हता, पण त्या वेळी कुणी वाद घातला नाही.

नंतरच्या पावणेदोन तासांत जे झालं ते कुठल्याही भिंतीवर मांडता येणार नाही. फळ्या संपल्या तर कुणी पलंगाच्या पाट्या आणल्या. मास्तरांनी आपल्या कोठीचं दार बिजागऱ्यांवरून काढून दिलं. कठडा म्हणून एका घरच्या लोखंडी खाटेचा उशाकडचा भाग आला, दुसऱ्याच्या गच्चीचे गज आले. आजोबांनी मोटार घेईन तेव्हा तिच्यासाठी म्हणून ठेवलेली जाड तुळई दिली. एक वाजता शोकिरअकांची गाडी पलीकडच्या रस्त्यावर थांबली. ते चांगला कोट घालून उतरले आणि 'आई तयार आहे का?' असं विचारायच्या आत कुणीतरी त्यांच्या हातात करवतीचं दुसरं टोक दिलं. पावणेदोनला कोटाची बाही उसवली होती आणि ते मास्तरांशी खिळ्यांवरून वाद घालत होते. दोनला पाच मिनिटं कमी असताना शेवटचा खिळा गेला.

पूल झाला होता. अलीकडून सरळ जायचा, मधे एका बाजूला ऐसपैस फुगायचा, आणि तिथून वेगळ्याच दिशेनं पलीकडे जायचा. मधला भाग एखाद्या ओट्याएवढा, चांगला बसकट झाला होता. असा पूल कोकंदात दुसरा नाही, कदाचित असू नये.

"आई," तोलिबजान म्हणाला, "चल."

आईनं काठी त्याच्याजवळ दिली आणि कठडा धरला. पलीकडून सनोबरखाला निघाली. बारा वर्षांत पहिल्यांदा. साठ माणसं फळ्यांकडे बघत होती. एक फळी करकरली, खाला थांबली, मास्तर म्हणाले, "या, या, खाला! पदार्थविज्ञान आहे त्याच्याखाली!" आणि ती पुन्हा निघाली. दोघी मधल्या रुंद जागेवर समोरासमोर आल्या. आईनं खालाच्या डोक्यावरचा सरकलेला रुमाल नीट केला. खालानं आईचा गाल कुरवाळला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं मेले."

"तूच खायचीस माझ्या वाटचं," आई म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसतही होत्या, रडतही होत्या. तेवढ्यात वरून पाणी आलं, खळाळत फळ्यांखालून निघून गेलं, आणि सगळ्या गल्लीनं एकच गलका केला. उस्तानं मास्तरांना मिठी मारली. ओयदिननं धावत जाऊन दोन गाद्या आणल्या. आता आमच्या माणसांना वाहत्या पाण्यावर बसायला चार हात जागा दिसली, की तिथे गादी पडते आणि चहा येतो. दोघी बसल्या.

एक पेला झाला. दुसरा झाला. पुलावाची परात निघाली, पण ती पलीकडे न्यायला वाट नव्हती, कारण पूल भरलेला होता. माणसं पाटावरून उड्या मारू लागली आणि निम्मी पाण्यात पडू लागली. शेवटी शोकिरअका उसवलेली बाही सावरत पुलावर आले.

"आई, मग काय ठरवलंस? गाडी पलीकडे उभी आहे. निघायचं तर उजेडात निघू."

तोलिबजान अलीकडच्या काठावर चहादाणी धरून उभा होता.

आईनं मान वर करून थोरल्याकडे बघितलं, तो काय बोलतोय हेच कळत नसल्यासारखं. "पलीकडे?" ती म्हणाली. "पलीकडे आता काय आहे? ही होती पलीकडे. ती इथे आली." मग ती खालाकडे वळली, आणि थोड्या वेळानं दोघे मुलगे अजून उभेच आहेत हे लक्षात येऊन म्हणाली, "शोकिर, बूट काढ आणि बस. आणि तोलिब, चहा आण रे, कधीचा संपलाय."

पुलावरून जायला जागा नव्हती, म्हणून तोलिबजाननं चहादाणी डोक्यावर धरली आणि पाटात उतरून, कंबरभर पाण्यातून नेऊन दिली.